गट नंबर २१७

तिवईवर मशीन बसवलं, बुडबुडा मधोमध आणला,
डोळा लावला.
भिंगात इलाहीच्या हातातली काच दिसायला हवी होती.
दिसलं खोकड.
तरवडाआड पाठमोरं, कान तेवढे माझ्याकडं वळलेले,
तीनशे बारा मीटरवर.
सवयीनं आकडा टिपला. मग खोडला.

औशाच्या उगवतीला, डांबरी संपते तिथून हा माळ.
सातबाऱ्यावर नोंद : पोटखराब, वर्ग अ.
कुणाचं पोट, ते लिहायला रकाना नाही.
बोटभर मातीखाली खडक.
त्या बोटभर मातीत पवन्या, कुसळी, खुरटी बोरं,
आणि चंडोल,
जो कुणी दोऱ्यानं वर ओढावा तसा सरळ चढतो
आणि दोरा तुटावा तसा पडतो.
वीस वर्षं मोजणीत गेली,
हद्दीचे दगड मी चालीवरून ओळखतो,
चंडोलाचं नाव मात्र म्हाकू सरगरनं सांगितलं, गेल्या मंगळवारी.

आराखड्यात एकशे अठ्ठावीस प्लॉट,
नऊ मीटरचे रस्ते,
दहा टक्के खुली जागा : घसरगुंडी, दोन बाक, जमलं तर देऊळ.
नाव ठेवलंय ‘हरिणी पार्क’.
हरणं खरंच आहेत, सतरा.
बोर्डावर शेटजींनी एकच काढलंय,
तेही ठिपक्यांचं, इथलं नव्हे.

हसू नका.
एक्केचाळीस नंबर छाया घोगरेचा.
उपकेंद्रातली नर्स, कंत्राटी,
अकरा वर्षं पत्र्याच्या खोलीत;
घरमालक रात्री नऊला नळाला कुलूप घालतो.
प्लॉट बघायला आली तर कुसळांत चपला काढून उभी राहिली,
जणू फरशी बसलीय.
म्हणाली, साहेब, मला जास्तीचं काही नको,
मोरीला आतून कडी पाहिजे. माझी मी लावलेली.
त्या कडीपुढं खोकड कसं तोलायचं?
तराजू आमच्या खात्यात मिळत नाही.
टेप मिळतो, आणि छत्री.

म्हाकू लांडग्याला शिव्या घालतो.
पौषात दोन कोकरं नेली त्यानं.
“पर दिसला न्हाई तरबी झोप लागत न्हाई,” म्हणतो,
“कुत्री आळशी हुत्यात. मीबी.”
मला वाटलं, हा आता माळासाठी भांडणार.
हरकत लिहून घ्यायला वही काढली.
तो जवळ सरकला, आवाज उतरवला :
“कोपऱ्यातला एक मलाबी लिव्हा.
पोरगं मेंढरामागं यायाला तयार न्हाई,
अन् पोरीचा बाप आधी इचारतो, पक्कं घर हाय का.”

काल एक्केचाळीसच्या वायव्य कोपऱ्यात खुंटी ठोकायला गेलो
आणि टिटवी अंगावर आली.
चार अंडी. खड्यांतले खडेच, टोकं आत.
इलाही म्हणाला, चार म्हंजी चार महिने बरे जाणार.
कुणाचे, मी विचारलं.
तो हातोडी घेऊन तसाच उभा.

खुंटी दोन हात अलीकडं ठोकली.
नोकरीतलं पहिलं खोटं माप.
नकाशा पाहिला तर छायाबाईची मोरी नेमकी तिथंच येते.
पिल्लं ज्येष्ठात फुटतील, फुटल्या दिवशीच पळतील,
टिटवीच्या लेकरांना भिंत लागत नाही.
मग खुंटी जागच्या जागी नेईन.
नेईन बहुतेक.

शेऱ्याचा रकाना कोरा आहे.
शुक्रवारी कागद तहसीलला जायचा.
‘जागेवर’ एवढं लिहिलं,
पुढचा शब्द येईना.
इलाही चहा घेऊन आला, ग्लास टेकवत म्हणाला,
“साहेब, ते परवाचं खोकड आज पुन्हा बसलं हुतं,
मशीनकडंच बघत.
त्याला वाटलं आसंल,
आपुन इथं राहायला आलोय.”