तिसरी ओळ

जुन्या वस्तूंना किंमत लावणं हे माझं काम.
अकरा वर्षं, टोलेडोत, चर्चच्या मागच्या दुकानात
मेलेल्यांच्या घरून येतात कपाटं, बशा, ख्रिसमसचे दिवे.
मी हात फिरवते, उलटं करून बघते,
लाल ठिपका चिकटवते: चार डॉलर.
चारच का, हे कुणी विचारत नाही.

म्हणून ज्यूरीचं पत्र आलं तेव्हा वाटलं,
जमेल.

आम्ही आठजण. समोर मार्सेला झुराव्स्की,
शाळेच्या स्वयंपाकघरात सुपाची पातेली उचलणारी,
वय एक्कावन्न. सिग्नलला थांबली होती.
मागून व्हॅन आली. पोरगा फोनमध्ये बघत होता.
हे सगळ्यांना मान्य.
वाद होता तो चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या
अर्ध्या बोटाएवढ्या जागेचा.

पलीकडच्या वकिलाने बंपरचा फोटो भिंतीएवढा केला.
"बघा, एक ओरखडा. दोनशे ऐंशी डॉलरचा रंग."
जणू बाई म्हणजे बंपरचाच आतला भाग,
बाहेर काही नाही तर आत काय असणार.

मग खोक्यातून प्लास्टिकचा कणा निघाला, पिवळट,
डॉक्टरने वाकवून दाखवला,
कट्‌ असा आवाज झाला
आणि मार्सेलाने डोळे मिटले.
दुसरा डॉक्टर म्हणाला, ही झीज वयाची.
दोघांनाही साक्ष तोंडपाठ होती.
जिची पाठ, तिला एवढंच विचारलं:
एक ते दहामध्ये किती?
ती म्हणाली, "आज? की मंगळवारी?"

एक फिल्मही होती, त्रेचाळीस सेकंदांची.
ती कुत्र्याच्या खाण्याची पिशवी डिकीत ठेवते.
तीनदा दाखवली.
त्यानंतर ती किती वेळ जमिनीवर पडून राहिली
त्याची फिल्म कुणी काढली नव्हती.

खोलीत आम्हाला फॉर्म दिला. तीन ओळी.
पहिली दवाखान्याची, बेरीज केली.
दुसरी बुडलेल्या पगाराची, गुणाकार केला.
तिसरीत "वेदना" आणि पुढे कोरी रेघ.
ना बिल, ना पावती. उलटं करून बघायलाही काही नाही.

ओरिन हॅच, काचेच्या कारखान्यातून निवृत्त, म्हणाला,
"तीस वर्षं माझीही दुखते. मला कुणी काय दिलं?"
हे तो उभ्याउभ्याच बोलत होता.
दिवसभर तो बसलाच नव्हता.
कॉलेजातली ब्रिएल तासाचा दर काढत होती,
पुढची तीस वर्षं, झोपेचे तास वजा.
"झोपेचे का वजा?" मी विचारलं.
तिने खोडलं. पुन्हा मांडलं. मग पेन ठेवून दिलं.

जज्जबाईंनी बजावलं होतं:
सगळ्यांचे आकडे घेऊन आठाने भागू नका.
आम्ही भागलं नाही.
नुसते एकमेकांच्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिलो
आणि आकडे हळूहळू सरकत आले,
थंडीत गुरं सरकतात तसे, अंगाला अंग लावून.

माझ्या चिठ्ठीवर नव्वद हजार होते.
पण कुणी घासाघीस सुरू केली की मी उतरते.
दुकानातली सवय.
बावीसवर सहा सह्या लागत होत्या.
सहावी माझी.

पार्किंगमध्ये ती दोन गाड्या सोडून पलीकडे होती.
आधी पाठमोरी टेकली सीटवर,
मग दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत ठेवला,
मग डावा,
दुसऱ्या कुणाचं सामान ठेवावं तसा, सांभाळून.
हे कोर्टात कुणी दाखवलं नाही.
तिथे ती आमच्याआधी येऊन बसलेली असायची.

ठिपक्यांची गुंडाळी माझ्या कोटाच्या खिशातच होती.
बोटं उगाच तिच्याशी चाळा करत होती.

तिने मान वर केली, मला ओळखलं
आणि म्हणाली, "थँक यू."
मनापासून म्हणाली.
टोमणा असता तर बरं झालं असतं.