गोळीबंद

माशेलच्या बाजारात, टेलरच्या दुकानावर,
एस्पेरांसाच्या पार्लरात पूर्ण हातांचे साडेतीनशे.
पाय धरले तर विचारूच नका.

म्हणून मी दोन वाट्या साखर मोजली,
पाव वाटी पाणी, परसातल्या दोन लिंबांचा रस,
आणि दुपारी तीनला, मांय आडवी झाल्यावर,
गॅस बारीक करून उभी राहिले
चोरी करायला आल्यासारखी.
(मी चंदगडची. इथे सासूला मांय म्हणतात.
जीभ अजून वळते आहे.)

पहिला घाणा करपला.
पातेल्याच्या बुडाला काळी काच झाली,
ती मी माडाच्या मुळाशी पुरली.
दुसरा इतका पातळ
की मनगटावर ओतला तर कोपरापर्यंत ओघळ,
त्यावर गुरुदासच्या जुन्या जीन्सची पट्टी
नुसती तरंगत राहिली. ओढली, तर
केस जागेवर, साखर सगळीकडे,
आणि मुंग्यांची रांग ओट्याच्या कडेला हजर.

‘कितें शिजयता गो?’

मांय दारात.
हिच्या नाकाला पाक झोपेतही कळतो.
चाळीस वर्षं खाजं केलं तिने,
बेसनाच्या काड्या, गूळ, आल्याचा रस,
शिरगावच्या जत्रेला, फातर्प्याला, नार्व्याला,
पेट्रोमॅक्सखाली ढीग लावून;
तराजू सासऱ्यांकडे, कढई हिच्याकडे.

आता ऐकवेल, वाटलं मला.
साखरेचा भाव. नव्या सुनेची थेरं.
खायची वस्तू अंगाला फासणं.
मी खरं तेच सांगून टाकलं: केसांसाठी.

तिने पळीतला थेंब दोन बोटांत दाबला, उघडला.
‘एकतारी,’ म्हणाली. ‘हो गुलाबजामाचो.’

पातेलं पुन्हा चढलं.
मला ढवळू देईना. ढवळलं की साखर रुसते.
बुडबुडे आधी मोठे, घाईचे,
मग बारीक, जाड, उशिरा फुटणारे.
रंग पिवळ्या बोंडवाचा झाला, मग मधाचा,
मग त्याही पुढचा, ज्याला मला नाव नाही,
तेव्हा तिने वाटीभर गार पाण्यात थेंब सोडला
आणि बोटांनी त्याची गोळी वळली.
‘जालो. देंवय.’

ताटात ओतला. काठ सुटेपर्यंत थांबलो.
अर्धा तिने तळहातावर घेतला,
मला बोट लावता येत नव्हतं इतका गरम,
आणि ओढला, दुमडला, ओढला,
तो शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा होईपर्यंत.

‘पट्टी कित्याक?’
माझा हात मांडीवर घेऊन
गोळा केसांच्या उलट दाबत नेला
आणि केसांच्या दिशेने झटक्यात सोडवला,
कढईच्या काठाला चिकटलेलं खाजं
सोडवावं तसा.
मी ओरडले. शेजारचा कुत्रा भुंकला.
‘दुखता?’ तिने विचारलं. थांबली मात्र नाही.

तेव्हा पाहिले तिचे हात.
मनगट ते कोपर एक केस नाही,
भट्टीने कधीच जाळून नेलेले.
उजव्यावर पाक उडाल्याचे तीन डाग,
चकचकीत, रुपयाएवढे.
‘आमचें फुकट जालें,’ म्हणाली.

माझं झाल्यावरही
ती गोळा बोटांत फिरवत बसून राहिली.
मग उठून परसाचं दार लोटलं,
खिडकीकडे तोंड करून हनुवटी वर केली.
तीन केस. दोन पांढरे, एक काळा, राठ.
दुकानाच्या एकुलत्या एका फोटोत
पदर ओठांपर्यंत का धरलाय,
हे मी गुरुदासला विचारलं होतं.
त्यालाही ठाऊक नव्हतं.

माझा हात कापत होता.
‘आनीक दाब,’ डोळे मिटून म्हणाली.

न वापरलेला अर्धा पाक तिने बरणीत भरला;
साखर टाकवत नाही तिला.
रात्री गुरुदास दुसऱ्या पाळीवरून आला,
बरणी उघडली, नखाने एक तुकडा काढला, चघळला.
‘मात्शें आंबट,’ म्हणाला, ‘पूण बरें जालां.’

मांय ताटं मांडत होती.
तिने ती परत उचलली
आणि पुसलेलीच ताटं
आम्ही दोघी पुन्हा पुसत राहिलो,
त्याच्याकडे पाठ करून.