महाप्राण

त्या वर्षी बेनीच्या कार्यालयात बुधवारी वीज नसायची.
तरी झुमकली पुन बुधवारीच आल्या,
रातामाटाहून पहाटेच्या जीपने,
मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत नवरा घेऊन.

म्हणजे त्याचे कागद.
सेवापुस्तिका, एक पदक, इस्पितळाची चिठ्ठी
आणि वरून आलेलं पत्र. ते मी मेणबत्तीपाशी धरून वाचलं:
कै. लान्स कॉर्पोरल बक्तिराज पुन यांच्या नोंदीत
पत्नीचं नाव जुमकली.
अर्जदाराचं झुमकली.
सबब, अर्जदार ही मृताची पत्नी असल्याचं
सिद्ध होत नाही.

‘मग त्या जुमकलीला द्या पेन्शन,’ त्या म्हणाल्या,
‘आणि विचारा तिला, एवढी वर्षं होती कुठे.
तिच्या वाटणीची म्हैससुद्धा मीच राखली.’

काय झालं असेल ते मला ठाऊक होतं.
छावणीतला गोरा कारकून, पुढे दीडशे पोरांची रांग,
ऐकू येईल ते रोमन अक्षरांत टिपणार,
कुठे एच लावणार, कुठे दमणार.
भरतीच्या दिवशी ह्याचा गेला,
लग्नाची रजा संपवून परतला तेव्हा हिचा.
पुढे कधीतरी पोखरात
कुणी संगणकावर नावं पुन्हा देवनागरीत आणली.
माणसं मलायातून सामान घेऊन येत.
नावं हलकी होऊन आली.

शाळेत तिलबिक्रम सर तळहात ओठांपुढे धरायला लावत.
ज म्हणा. आता झ म्हणा.
लागला वारा? तोच महाप्राण.
मला वाटायचं, परीक्षेपुरतं असतं हे.

जन्मतारखेच्या रकान्यात एक जानेवारी.
त्या तुकडीतल्या सगळ्यांचीच एक जानेवारी.
‘हीसुद्धा दुरुस्त करायची का?’

‘पंधराचा होता. छाती दोन बोटं कमी भरली,
तर गडी वारा ओढून उभा राहिला,
फीत निघेस्तोवर सोडला नाही.
राहू दे ती तारीख.
तेवढं एक खोटं तो स्वतः बोललाय.
बाकीची दुसऱ्यांची.’

पुरावा लागतो. त्यांनी चोळीतून पत्र काढलं,
बोर्निओचं, घड्यांवर विरलेलं.
वरच्या ओळीत त्यांचं नाव.
आमच्याकडे झ जुन्या वळणाने लिहितात:
आधी अख्खा भ,
मग त्याला उजवीकडे एक वळसा.
म्हणजे हिचं नाव लिहायला बसला की दरवेळी
आधी स्वतःचं अक्षर लिहून मग पुढे जायचा.
मी बोललो नाही.
कारकुनाने असल्या गोष्टी बोलू नयेत.
‘झेरॉक्स लागेल,’ एवढंच म्हणालो,
आणि वीज नव्हती.

मग वॉर्डाचा दाखला, की ह्या दोन बायका एकच आहेत.
मग दोन साक्षीदार. मग शपथ.
शपथेत मृताचं नाव अर्जदाराने तोंडाने घ्यायचं असतं.

त्या गप्प.
बाहेर गंडकी, दगड ढकलत चाललेली.

‘नाव घेतलं नाही कधी,’ त्या म्हणाल्या.
‘हाक मारायची तर अहो ऐकलं का,
तो गेला तेव्हाही तेच ओरडले.’

मी म्हणालो, सावकाश घ्या.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
त्यांनी पदर नीट केला,
कुणी मोठं माणूस दारात आल्यासारखा,
आणि म्हणाल्या, भक्तिराज.

मेणबत्तीची ज्योत माझ्या बाजूला वाकली,
क्षणभर विझल्यासारखी झाली,
परत उभी राहिली.

‘पुन्हा सांगू?’

नको म्हणालो. ऐकलं.
इंग्रजी रकान्यात बी काढला
आणि त्याला खेटून एच,
शेजारच्या अक्षरांपेक्षा जरा मोठाच.