साल

आधी कागद सांगतो:
करार बारा महिन्यांचा, पानं एकेचाळीस,
तक्रार आली की चार तासांत उत्तर,
उशीर झाला तर दंड, तोही टक्क्यांत.
एक सही माझी, एव्होरातल्या तीन खुर्च्यांच्या कंपनीची,
दुसरी ग्रासिएत फाल्काटू यांची.
कोरुशच्या वाटेवर त्यांचा कॉर्कचा कारखाना,
नऊशे हेक्टर रान, सत्तावीस माणसं,
आणि एक सर्व्हर,
संत्र्यांच्या पेट्यांमागे घोरत पडलेला.

पहिल्या वर्षी आमच्यात छत्तीसचा आकडा.

तक्रार ११८: पडदा साल विचारतो.
उत्तर: साल भरा.
तक्रार ११९: भरलं. घेत नाही.
उत्तर: चार अंकी भरा.
तक्रार १२०: आमच्या झाडांवर एकच अंक असतो.
मी हसलो. मोठ्यानं वाचून दाखवलं.
इदालिना हसली नाही.
म्हणाली, तू ते झाड पाहिलंयस?

नव्हतं पाहिलं.
बाटलीचं बूच पाहिलं होतं.

जूनमध्ये गेलो, ऑफिसचे बूट घालून.
झाडं कमरेखाली उघडी, तांबूस, ओल्या विटेसारखी,
आणि प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्या रंगात
कुठे ६, कुठे ८, कुठे ३.
"साल ज्या साली काढली, त्याचा शेवटचा अंक,"
बाई म्हणाल्या. "मग नऊ वर्षं हात लावायचा नाही.
नऊ वर्षांत तो अंक फिरून येत नाही.
बाकीचे तीन लिहायला
रंग काय तुम्ही पुरवणार?"

चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी वही काढली.

झुल्मिरूच्या हातात कुऱ्हाड.
मला वाटलेलं, एक घाव दोन तुकडे.
तो घाव घालायचा, पातं किंचित पिळायचा
आणि कान द्यायचा.
पोकळ वाजलं तर साल सुटायला तयार.
कोरडं, चिवट वाजलं तर कुऱ्हाड खांद्यावर, पुढचं झाड.
"ओढून काढता येईल की," मी म्हणालो.
"येईल," तो म्हणाला. "आतल्या सालीला पातं लागलं
तर मी मेल्यावरही ते झाड वळ दाखवत राहील.
माझ्या नातवाला."

दुपारी सावलीत पाव, चीज, कोमट पाणी.
पावाखालून बाईंनी एक घडी काढली:
लिस्बनच्या कंपनीचा भाव, फेब्रुवारीतच मागवलेला.
मग मीही सांगून टाकलं,
हा प्रोग्राम मुळात एका वाइनवाल्यासाठी लिहिलेला,
तुमच्यासाठी नाव तेवढं बदललं.
ताकाला जाऊन भांडं लपवत होतो,
आणि दोघांचीही भांडी एव्हाना विटली होती.

त्या बराच वेळ माश्या हाकत बसल्या.
"किती दिवस लागतील?"
तोंडावर आलं होतं, आठवडाभर.
कुऱ्हाडीचा आवाज येत होता मागून.
म्हणालो, सप्टेंबरपर्यंत जमणार नाही.
अर्धी चूक माझी, तिचे पैसे नाही घेणार.
अर्ध्याचे घेईन.
"तिसरा हिस्सा," त्या म्हणाल्या.
त्यावर एक अख्खं कलिंगड संपलं.

दंडाचं कलम कोणी काढलं नाही.
तेविसाव्या पानावर आहे अजून.
तक्रारीही येतातच. परवा १८७:
प्रिंटर ओल्या कागदाचा वास मारतो.
पण हल्ली आधी फोन येतो,
आणि मी चार तासांची वाट बघत नाही.
झुल्मिरूच्या टॅब्लेटवर आता एक चौकोन आहे,
एका अंकाएवढा,
आणि बोटाच्या डिंकासाठी जरा मोठाच.

यंदा शेवटच्या झाडाशी बाईंनी ब्रश माझ्या हातात दिला.
मी पाच काढला. पोटात वाकडा झाला.
पुढची साल, चौतीस साली.
आमचा करार मार्चमध्ये संपतो.

झुल्मिरूनं डोळे बारीक करून पाहिलं.
"वाचता येतोय," म्हणाला, "चालेल."