बस्ता नंबर एकशे चौदा

लाल फडक्याची गाठ सोडली की
आधी कसर पळते,
मग माणूस दिसायला लागतो.

नेमगोंडा रायाप्पा शिरगुप्पे, मुक्काम रुकडी.
सनद मिळाली त्या साली पहिला पक्षकार आला
तो फीऐवजी गुळाची ढेप डोक्यावर घेऊन.
वहीत नोंद आहे, मोडीत:
"ढेप एक. वजन केलें नाहीं."

मी रोज सहा बस्ते उघडतो, पानं पुसतो,
फाटलं तिथं पातळ जपानी कागद लावतो.
माणसं वाचायचा पगार मला नाही.
तरी वाचतो.

सन एकोणीसशे नऊ. दावा पंचगंगेकाठच्या दोरवाल्यांचा.
घायपात कुजत घालायची त्यांची जागा
दरबारला हवी होती.
शिरगुप्पे उभे राहिले. कैफियतीत लिहिलं,
"ज्या पाण्यांत ज्याचे हात कुजले
त्या पाण्यावर, कागद नसला तरी, त्याचा हक्क आहे."
जिंकले.
भवानी मंडपापासून वाजतगाजत घरी आणलं म्हणे.
हे 'म्हणे' माझं नाही,
समासात दुसऱ्याच कुणाच्या हातचं आहे.

पुढं पगडी बदलली, बग्गी आली.
सरकारी वकील. मग सरसुभे.
सही तेवढी लहान होत गेली:
आधी पूर्ण नाव, मग ने. रा.,
मग नुसता फराटा,
भिंतीवरनं पाल सटकावी तसा.

एकतीस साली अर्ज आला. तेच दोरवाले, म्हणजे त्यांची पोरं.
जागा आता पंपघराला पाहिजे होती.
कुणीतरी हुशार निघाला, त्यानं
जुनंच वाक्य उतरवलं. हात कुजले. हक्क आहे.
खाली तांबड्या शाईत शेरा:
"भाषा भरमसाट. नामंजूर."
फराटा.

तिथंच मिटवणार होतो.
पण मागं टीपकागद चिकटला होता, तांबडाच,
उलट्या अक्षरांचा.
पानवाल्याकडचा आरसा मागून आणला.
नेमगोंडा रायाप्पा शिरगुप्पे.
पूर्ण नाव. चारदा. एकाखाली एक.
कशावर टिपलं होतं, ते पान बस्त्यात नाही.

पंपघर अजून उभं आहे.
दुपारचा डबा मी तिथंच सावलीला खातो.

यादीत लिहिलं: टीपकागद एक.
'मजकूर' हा रकाना कोरा ठेवला.
साहेब विचारतील.
विचारू देत.