कांडीचा हात

मल्लू प्लंबर तीन आठवडे म्हणत राहिला,
"उद्या सकाळी पक्कं, अक्का."
शेवटी मीच पाना मागून आणला नदाफ चाचांकडून.
देताना त्यांनी विचारलं, "कॉक बंद केलास?"
म्हटलं, "चाचा, पाचातले चार दिवस
आपल्या गल्लीत तो महापालिकाच बंद ठेवते."
हसले. "तरी बंद कर.
पाण्याला कॅलेंडर वाचता येत नाही."

पहिली चूक त्याआधीच झाली होती.
अशोक चौकात रिकाम्या हातानं गेले,
दोन बोटांचा गोल करून दाखवला, "एवढी."
दुकानदारानं पाऊण इंची दिली.
भिंतीत अर्धा.
दुसऱ्या खेपेला जुनी तोटी पिशवीत,
शेंगाचटणीच्या पुडीशेजारी.
त्यानं काउंटरवर चकचकीत एक काढून ठेवली,
मी तळहातावर घेतली आणि परत सरकवली.
आतून प्लॅस्टिक.
सुताच्या लडी तोललेल्या हाताला
वजनात फसवता येत नाही.
पितळेची घेतली. महाग पडली.

मग ती टेप.
पांढरी, पातळ. हसूच आलं.
तीस वर्षं कांड्या भरल्यात मी
गुंडेटींच्या कारखान्यात,
चादरीचा धागा, टॉवेलचा धागा,
गुंडाळायचं मला कोण शिकवणार?
दहा फेरे घातले, ताण एकसारखा,
फेऱ्यावर फेरा अर्धा चढलेला,
बघत राहावं असं काम.
हातानं फिरेल तोवर हातानं फिरवली,
मग पान्याखाली टॉवेलचा तुकडा, ओरखडा नको म्हणून.
तोटीचं तोंड जरा उजवीकडे गेलं.
एवढंसंच. पण दारातून दिसणारं.
पाव फेरा मागं घेतला.

चूक कळायला
आमच्या गावात पाच दिवस लागतात.

रात्री पावणेतीनला गल्लीत कुणीतरी ओरडलं,
"नीळ्ळु वच्चिनय!"
घागरी वाजल्या, मोटारी घुरघुरल्या.
माझी तोटी घट्ट बंद होती
आणि तिच्या मानेभोवतून पाणी येत होतं,
सोबत टेपची शेपटी, पांढरी, लोंबती.
श्रीनिवास डोळे चोळत म्हणाला,
"आई, माणूस बोलवायचा की."
मी बादली खाली सरकवली.
गळतीचं झालं तरी पाणीच ते, भरून ठेवलं.

सकाळी चाचांनी ती शेपटी चिमटीत धरली.
"उलटी गुंडाळलीस."
माझा रहाट डाव्या अंगाला फिरायचा,
आटा उजव्या अंगाला चढतो.
तोटी आत जात होती तसतसा
माझा एकेक देखणा फेरा उसवत होता.
"आणि बसल्यावर मागं का फिरवलीस?"
"वाकडी दिसत होती."
"मग सगळी काढायची, पुन्हा गुंडाळायची.
आट्यात मागं येणं नसतं."

उंबऱ्यावर बसले. आट्यांचं तोंड माझ्याकडे,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बघत
काटा जातो तशी टेप न्यायची.
पहिला आटा उघडा सोडायचा.
एवढंच तर होतं.
तीनदा केलं, तीनदा हात
आपल्या जुन्या वाटेनं निघाला.
त्याला कसं सांगू
कारखान्याला कुलूप लागून सहा वर्षं झाली.
चौथ्यांदा ओठ दाबून, लहान मुलानं अक्षर गिरवावं तसं,
भिकार दिसणारे, सैल, बरोबर फेरे.

पाना लावला.
तोंड सरळ यायला बोटभर उरलं होतं
आणि अंगात जोरही उरला होता,
पण भिंतीतला एल्बो माझ्या लग्नाच्या वेळचा.
तडकला तर भिंत फोडावी लागेल.
थांबले.

पाचव्या रात्री दिवा लावला नाही.
तोटीच्या मानेखाली पेपर पसरला,
त्यावर हात ठेवून बसून राहिले.
ओरडा झाला, मोटारी सुरू झाल्या,
पाइपात हवा खोकली, मग पाणी आल्याचा तो जड आवाज.
बराच वेळ.
पेपर कोरडा.

तोटीचं तोंड आता जरा डावीकडे आहे.
राहू दे.