पिंजऱ्याला टेकवलेला फोन

आलीसा तुर्कूला शिकायला गेली
आणि जाताना दोन उंदरिणी बापाकडे ठेवून गेली.
हिला आणि नाप्पी.
रौनोने पहिल्या आठवड्यात दोघींना मिळून एकच नाव ठेवलं: त्या.

एकतीस वर्षं केमीच्या कागद गिरणीत काढलेले कान.
वरच्या पट्टीतलं सगळं त्यांनी कधीच सोडून दिलेलं:
केटलची शिट्टी,
धुराच्या अलार्मची बॅटरी संपल्याची टिवटिव,
आणि बायको होती तेव्हा
तिच्या वाक्यांची शेवटची टोकं.

रात्री अकराला फोन.
"काहीतरी दळतेय."
"म्हणजे?"
"कॉफीच्या हातगिरणीत दोनच दाणे उरल्यासारखं."
"कुठली, करडी? ती हिला. कुठेय?"
"माझ्या बाहीत."
"तिचे डोळे बघ, बाबा."
त्याने चष्मा शोधला.
डोळे आत-बाहेर थरथरत होते,
उकळीचा बुडबुडा फुटता फुटता राहावा तसे.
"फिट आलीय!"
"खूश आहे ती," आलीसा म्हणाली.

दातओठ खाल्ले की राग, एवढंच त्याला ठाऊक.
फोरमनचा जबडा त्याने वर्षानुवर्षं वाचला होता.
सुखानेही कुणी दात खातं
हे कळायला अठ्ठावन्न वर्षं लागली, आणि एक उंदीर.

मग फोन रोजचाच.
तो मोबाइल जाळीला टेकवायचा,
ती देशाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकायची.
बारीक, तुटक चीं: "नाप्पी म्हणतेय, पुरे, ऊठ अंगावरून."
लांब ताणलेली किंकाळी: "बोट अडकलंय का बघ, पळ!"
अडकलं नव्हतं.
सुक्या केळ्याच्या एका चकतीवरून महायुद्ध.
फुस्कारा, पाठीवर केस ताठ: "आता हात घालू नकोस."
त्याने घातला.
अंगठ्याच्या पट्टीबद्दल मात्र बोलला नाही.

"गुदगुल्या केल्या की त्या हसतात," ती एकदा म्हणाली,
"पण इतक्या वरच्या सुरात, की माणसाला ऐकूच येत नाही."
"तुलाही?"
"मलाही."
हे त्याला फार बरं वाटलं.
एक जागा तरी, जिथे दोघं सारखेच बहिरे.
त्या रात्री त्याने हिलाला उताणं करून
पोटावर बोटं नाचवली.
खोलीत हूं नाही की चूं नाही,
नुसती फ्रिजची घरघर.
हात मागे घेतला, तर ती हातामागे धावत आली.
पुन्हा घेतला. पुन्हा आली.
बरं.
म्हणजे हसतेय.

जानेवारीत, सूर्य नावापुरता उगवायच्या दिवसांत,
पुन्हा ते दळणं.
"खूश आहे," या वेळी तोच म्हणाला, तज्ज्ञासारखा.
ती जरा थांबली.
"बाबा, ती बसलीय कशी?"
कोपऱ्यात. पाठीची कमान.
वाटीकडे पाठ, डोळे अर्धे मिटलेले,
नाकाशी तांबूस ओल.
"दुखतानाही त्या हेच करतात. आवाज तोच."
"मग कळायचं कसं?"
"नुसतं ऐकून नाही कळत."

बुटांच्या खोक्यात, कोटाच्या आत, बर्फातून डॉक्टरकडे.
दिवसातून दोनदा सिरिंजने गुलाबी थेंब.
गिरणीत टनांच्या रिळांना आवरणारे हात
अर्ध्या मिलिलिटरशी झटत राहिले.
नाप्पी तिच्या अंगावर पसरून झोपायची,
आणि खालून एकदाही पुरे म्हटलं गेलं नाही.

रविवारी आलीसाने विचारलं, "हिला?"
"खाल्लं थोडं. वाटाणे."
"आणि तू?"
"बरा आहे."

हा आवाजही तिच्या ओळखीचा.
ऑगस्टपासून रोज, अगदी हाच.

"व्हिडिओ लाव, बाबा," ती म्हणाली,
"तू कसा बसलायस बघू दे."

त्याला बटण सापडायला वेळ लागला.
आधी छत दिसलं,
मग एक शेपटी,
मग बराच वेळ नुसता त्याचा कान.